चालकाच्या बाजूचा दरवाजा

"मी ‘अँड सन्स’ रंगवणार नाही," असं मी बाबांना जेवताना सांगून टाकलं.

बाबांचा घास हातातच राहिला. "का?"

"खोटं आहे म्हणून."

"आधी जेवा," आई म्हणाली. घरातला कुठलाही वाद पुढे ढकलायला आईला हे दोन शब्द पुरतात. त्या दिवशी पुरले नाहीत.

वाद एका ट्रकच्या दरवाजाचा होता. सिंगापुरात, हौगांगमधल्या आमच्या फ्लॅटपासून चार बसथांब्यांवर गॅरेजांची एक वसाहत होती. तिथल्या एका चिनी अंकलच्या गॅरेजात बाबा दोन वर्षं, दर शनिवारी आणि रविवारी, एक गाडी बांधत होते. साधी गाडी नाही. घाटात बंद पडलेले, कलंडलेले ट्रक ओढून काढणारी क्रेन. आमच्या आजोबांची होती तशी. पण होती तशीच्या तशी बांधली असती तर ती नुसती प्रतिकृती झाली असती, आणि बाबांना प्रतिकृती नको होती. त्यांना हॉट रॉड हवा होता.

हॉट रॉड म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. जुनी, म्हातारी गाडी घ्यायची. तिचं टप कापून तिला बुटकं करायचं, चासी खाली आणायची, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, धुराचे पाइप दोन्ही बाजूंनी मिरवायचे, आणि तिच्या वयाला अजिबात शोभणार नाही एवढी ताकद तिच्यात भरायची. मला हे एकदम पटलं. सिंगापुरात तर फारच पटलं. इथे गाडी दहा वर्षांची झाली की तिचा परवाना संपतो; मुदत वाढवून घ्या, नाहीतर भंगारात द्या. चांगली धडधाकट गाडी, काही दुखत नाही, खुपत नाही, आणि चालली भंगारात. या नियमाचा मला आल्या दिवसापासून राग आहे. आमच्या गाडीला तर रस्त्यावर यायची परवानगी कधीच मिळणार नव्हती. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात, बंद आवारात, ती एक रविवार उभी राहणार होती. आणि तिथपर्यंत जायचं तेही दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून. जी दुसऱ्यांना ओढते तिलाच उचलून न्यायचं! मी अंकलना म्हटलं, हा अपमान आहे. अंकल म्हणाले, "रूल इज रूल लाह," आणि त्यांनी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

तिची केबिन बाबांना एका रोपवाटिकेत सापडली होती. आई तिथे कढीपत्त्याचं रोप घ्यायला गेली होती. बाबा पिशवी धरायला. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर ऑर्किडच्या कुंड्या बसवल्या होत्या. बाबा तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "हिचा चेहरा आपल्या क्रेनसारखा आहे." कढीपत्ता राहिलाच. बाबा मरीन इंजिनिअर, बावीस वर्षं बोटीवर काढून आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं तपासणारे. अशा माणसाच्या हाताला आठवडाभर ग्रीस लागलं नाही की तो चिडचिड करतो. त्यामुळे केबिन घरात आली नाही, एवढ्यावरच आईने समाधान मानलं.

गाडी होत आली. दसऱ्याला पूजा, नंतरच्या रविवारी मेळावा, असं ठरलं. राहिला चालकाच्या बाजूचा दरवाजा. त्यावर आजोबांचं नाव आणि खाली ‘अँड सन्स’, हे बाबांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. आणि देवनागरी रंगवणारं माणूस त्यांना एकच माहीत होतं. मी.

पुण्यात कॉलेजात असताना मी एका संघटनेत होते. पत्रकं लिहायची, फलक रंगवायचे. तिथे मी शिकले की पहिल्या ओळीत आरोप करायचा, आणि अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे. सिंगापुरात आल्यावरही ही खोड गेली नाही. पाच दिवस तोआ पायोहला ऑफिस, आणि उरलेल्या वेळात घरकाम करणाऱ्या बायकांच्या सुट्टीसाठी धडपडणाऱ्या एका छोट्या गटाची पत्रकं. तर ब्रश माझ्या हातात होता. संपावर जायला याहून चांगली जागा नसते.

"क्रेन तुम्ही कितीदा चालवलीत?" मी बाबांना विचारलं.

बाबांनी आईकडे बघितलं. "मी तेव्हा बोर्डिंगात शिकत होतो."

"आणि आत्या?"

"ताईने चालवलीच की. नाही कोण म्हणतंय? पण धंद्याचं नाव असंच लिहितात. पद्धत आहे ती."

‘पद्धत आहे’ हे शब्द कानावर पडले की मला पत्रक लिहावंसं वाटतं.

आजोबांचं घर कराड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. दारात क्रेन. लष्कराच्या लिलावातला ट्रक, त्यात कराडला बसवून घेतलेलं दुसऱ्याच गाडीचं इंजिन, आणि मागे जुन्या रुळांचे तुकडे जोडून केलेली उचलायची सोंड. हॉट रॉड हा शब्द तिकडे कोणी ऐकला नव्हता, पण गोष्ट तीच होती. एके दिवशी विंचच्या, म्हणजे ओढायच्या यंत्राच्या, ड्रमवर तारेचा दोर नीट बसेना म्हणून आजोबांनी तो हाताने रेटला, आणि उजव्या हाताची तीन बोटं दोरात गेली. त्यानंतर त्यांना लिव्हर धरता येईना. बाबा पंधरा वर्षांचे, कोल्हापूरला बोर्डिंगात. आत्या एकोणीस वर्षांची, घरी. आजोबांनी तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं, आणि ती लिव्हरवर बसली ती आठ वर्षं उठली नाही.

अडकलेले ड्रायव्हर तिला बघून म्हणायचे, "पोरी, मालकाला बोलव."

"मालक घरी आहेत. ट्रक काढायचा, का इथेच संसार मांडायचा?"

तिचे नियम होते. चाकांमागे दगड लावल्याशिवाय हुकाला हात लावायचा नाही. ओढायच्या गाडीत एकही माणूस ठेवायचा नाही. एकदा एक ड्रायव्हर हट्टाला पेटला, मी आत बसून स्टिअरिंग धरणार. तिने इंजिन बंद केलं आणि कठड्यावर चुरमुरे खात बसली. रस्ता दोन्हीकडून तुंबला. शेवटी मागच्या ट्रकवाल्यांनीच त्या ड्रायव्हरला दंडाला धरून खाली उतरवला.

आणि दसऱ्याला काय व्हायचं? क्रेन धुऊन, पुसून, झेंडूचे हार घालून तयार. पूजेला बाबांना बोर्डिंगातून बोलावून घ्यायचे. नारळ मुलाने फोडायचा. जी वर्षभर क्रेन चालवते ती शेजारी ताट धरून उभी. हे मला आत्यानेच सांगितलं होतं. मी दहा वर्षांची, सुट्टीत तिच्याकडे कराडला गेलेली, आणि ती शेंगा सोलता सोलता सहज बोलली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणून मीच ती तक्रार उचलली आणि पंधरा वर्षं सांभाळली.

बाबांकडे क्रेनचा एकच फोटो आहे. पुढे आजोबा, बाजूला बंपरवर पाय ठेवून बाबा. हा फोटो मोठा करून त्यांनी गॅरेजच्या भिंतीला लावला होता आणि पट्टीने त्यावरून मापं काढली होती. दिवे केवढे, पायरी किती खाली, सोंड किती तिरपी, एकेक बोल्ट मोजला. ड्रायव्हरच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलंय, हातात बांगड्या आहेत. दोन वर्षांत ते कोपर बाबांना दिसलं नाही. अंकलना दिसलं. त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "हू ड्रायव्हिंग?" बाबा म्हणाले होते, "माय सिस्टर," आणि पुढचं माप घ्यायला लागले होते.

आत्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी आली. महिनाभर राहणार होती. बासष्ट वर्षांची, कॉटनची साडी, पायात बूट. विमानातून आलेल्या बाईने आधी घर बघावं, बाजार बघावा. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ब्लॉकसमोर एक बंद पडलेली व्हॅन ओढून नेताना पाहिली आणि खाली उतरून शेवटपर्यंत उभी राहिली. वर आल्यावर म्हणाली, "पट्टे चांगले लावले. पण कोणी कोणाशी बोलत नाही इथे. आपल्याकडे एवढ्यात तीस जण सल्ला द्यायला आले असते."

गाडी तिला दसऱ्यालाच दाखवायची असं बाबांनी ठरवलं होतं. सरप्राइज. मीही एक सरप्राइज तयार ठेवलं होतं. मेळाव्यात वाटायला पत्रक, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, शंभर प्रती, माझ्या खोलीत पलंगाखाली. आत्या माझ्याच खोलीत झोपत होती हे एवढं धोरण आखणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही. तिची चप्पल पलंगाखाली गेली, आणि चपलेबरोबर गठ्ठा बाहेर आला.

मी ऑफिसातून आले तेव्हा ती चष्मा लावून पलंगावर बसली होती.

"‘पुरुषसत्तेचा बळी ठरलेल्या एका चालकाची कहाणी’," तिने वाचलं. "हा बळी कोण गं?"

"तू."

"मी? बोकड वाटले का तुला?"

"आत्या, तो शब्द तसा नाही. म्हणजे तुझ्यावर अन्याय झाला—"

"‘आठ वर्षं मूकपणे राबली.’ मूकपणे? माझा आवाज घाटाच्या तिसऱ्या वळणावर ऐकू जायचा. ‘तिचं नाव पुसलं गेलं.’ कुठून पुसलं? लिहिलं होतं कधी?" तिने पत्रक उलटं केलं. "आणि या सगळ्यात बाबा कुठे आहेत? आमचे बाबा?"

"त्यांना मी काढलं."

"का?"

"कारण सगळे त्यांचंच नाव घेतात."

"मग तू काय वेगळं केलंस? त्यांनी मला काढलं, तू त्यांना काढलंस. अगं, तीन बोटं गेलेला माणूस, दुसऱ्या हाताने माझा हात लिव्हरवर ठेवून शिकवायचा. गावात लोक काय वाट्टेल ते बोलायचे, हा माणूस त्यांना म्हणायचा, तुमचा ट्रक अडकला की याल तिच्याकडेच." तिने चष्मा काढला. "माझ्याबद्दल शंभर कागद छापलेस. मला विचारलंस?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरकाम करणाऱ्या बायकांची पत्रकं लिहिताना आमचा पहिला नियम हाच होता, जिच्याबद्दल लिहायचं तिला आधी वाचून दाखवायचं. घरच्या बाईला तो नियम लागू आहे हे मला सुचलं नाही. मी माफी मागितली. पण मग मीही विचारलं, कारण सोडून देणं मला जमत नाही, "मग तुला काहीच वाटलं नाही कधी?"

तिने पत्रकाची घडी घातली.

"नावाचं नाही वाटलं," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं पहिल्या बोटीवरून पत्र आलं. ताईने आता घाटात उभं राहायची गरज नाही, क्रेन काढून टाका. बाबांनी काढली. मी विहिरीवर धुणं धूत होते. इंजिनाचा आवाज आला, म्हटलं बाबा सुरू करून बघत असतील. मग आवाज चढावर गेला. कोणीतरी दुसराच चालवत होता, तिसऱ्यावर. तिथे दुसरा गिअर लागतो. इंजिन रडत गेलं वरपर्यंत. मी पिळा हातात घेऊन ऐकत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं की ती आज जाणार."

मी कागद मागितला. तिने दिला नाही. म्हणाली, "पेन दे."

दसऱ्याच्या दिवशी बाबा सकाळीच लिटिल इंडियातून झेंडूचे हार, नारळ आणि हळदकुंकू घेऊन आले. आम्ही चौघं गॅरेजात पोचलो तेव्हा अंकलनी फरशी धुऊन ठेवली होती आणि स्वच्छ शर्ट घातला होता. त्यांच्या स्वतःच्या देव्हाऱ्यात, गॅरेजच्या कोपऱ्यात, संत्री आणि उदबत्त्या होत्याच. पूजा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

बाबांनी ताडपत्री ओढली. गाडी पिवळी, बुटकी, उघड्या इंजिनाची, आणि मागे आकाशाकडे बघणारी सोंड. ती नुसती उभी असतानाही कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसत होती. आत्याने तोंडावर हात ठेवला. बाबांना वाटलं ती रडणार. ती म्हणाली, "अरे, हिला कोणी बसवलं खाली? पाठीत उसण भरली का?"

आई हसली. बाबाही हसले, थोडेसे. मग त्यांनी नारळ हातात घेतला आणि पूजेचं ताट आत्यापुढे केलं. "ताई, तू ताट धर."

बाबांच्या मनात काहीच नव्हतं, हेच वाईट. बहिणीने ताट धरायचं, भावाने नारळ फोडायचा; तसं होत आलंय म्हणून हात आपोआप पुढे झाला होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मिटलं.

तिने ताट घेतलंच नाही. ती गाडीच्या मागे गेली. ड्रमवर वाकून बघितलं, दोराला बोटाने टोचलं. "हा दोर कोणी गुंडाळला?"

"मी," बाबा म्हणाले.

"ओझं लावून?"

"हाताने. ताई, हा दिखाव्यापुरता आहे. याने ओढायचंय काय?"

"ढिला आहे. पहिलं वजन आलं की वरचा वेढा खालच्यात रुतणार. बोटीवर बावीस वर्षं काय केलंस रे?"

"अगं, मेळाव्यात इंजिनसुद्धा बंद ठेवायचंय!"

"मग हिला क्रेन कशाला म्हणतोस? घडवंची म्हण. काढ सगळा दोर."

"ताई, पूजेआधी यंत्र चालवायचं नसतं."

"नीट नसलेल्या यंत्राची पूजा करायची नसते."

बाबांचा आवाज चढला. "दोन वर्षं मी राबलो या गाडीवर. बाबांसाठी. तुला काय मी शत्रू वाटतो का? तुला उन्हापावसात घाटात उभं राहायला लागू नये म्हणून पहिल्या पगारापासून—"

"मला उभं राहायचं होतं," आत्या म्हणाली.

अंकलनी रेडिओ बंद केला.

"तुझं लग्न जमत नव्हतं," बाबा म्हणाले. "त्या क्रेनमुळे. लोक काय बोलत होते ते तुला माहीत नाही."

"मला माहीत नाही? माझ्या तोंडावर बोलत होते. तू बोटीवर होतास. तू चांगल्या मनाने केलंस, मी कधी नाही म्हटलं? पण विकायला लावलीस तेव्हा मला विचारलंस?"

मी हे वाक्य चार दिवसांपूर्वी ऐकलं होतं, माझ्या खोलीत, माझ्याबद्दल. आता ते बाबांवर पडताना बघून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, असं म्हणणार नाही. पण फार नाही झाला.

बाबा आईकडे वळले. त्यांना बहुतेक ते दोन शब्द हवे होते. आईने ताट त्यांच्या हातात नीट टेकवलं आणि म्हणाली, "वन्सं बरोबर बोलतायत. दोर काढा."

दोर काढला. गॅरेजमागच्या गल्लीत बाबा आणि अंकल तो ओढत घेऊन गेले आणि टोकाचा हुक अंकलच्या जुन्या लॉरीला लावला. आत्याने क्रेनच्या चाकांमागे लावायला दगड मागितले. आम्ही शोधले. या देशात सुटा दगड सापडत नाही. शेवटी लाकडाचे ठोकळे आणले. अंकल लॉरीत चढून ब्रेक धरायला निघाले.

"उतर म्हणावं त्यांना," आत्या मला म्हणाली. "गाडीत माणूस नको."

मी सांगितलं. अंकल म्हणाले, मी चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय. मी तेही आत्याला सांगितलं.

"म्हणावं, चाळीस वर्षांनी बोटं परत उगवत नाहीत."

हे मी इंग्रजीत जसं जमलं तसं सांगितलं. अंकलनी तिच्याकडे बघितलं, लॉरीचा हँडब्रेक दोन दाते ओढला आणि खाली उतरले.

आत्याने पदर खोचला आणि केबिनमध्ये चढली. टप कापलेलं, त्यामुळे मान वाकवावी लागली. क्लच जड आहे, बाबा सांगायला लागले. तिने तो दाबलासुद्धा. इंजिन सुरू झालं आणि गल्लीतल्या सगळ्या गॅरेजांतून माणसं बाहेर आली. मग ती मागे विंचपाशी आली, लिव्हरला हात घातला आणि दोर हळूहळू ताणला गेला, जमिनीवरून उचलला गेला. लॉरी कुरकुरत पुढे सरकायला लागली. ओझ्याखाली दोर ड्रमवर बसत होता, एकाला एक चिकटून. मध्येच एक वेढा जरा तिरका गेला आणि बाबांचा हात आपसूक पुढे झाला.

"हात मागे!"

तिसऱ्या वळणावर ऐकू जाणारा आवाज तो. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ऑफिसात ज्याच्या सहीशिवाय बोटी हलत नाहीत, शाळेत उभं केल्यासारखा उभा. तिने लिव्हर थांबवला, दोर थोडा सोडला, पुन्हा घेतला. वेढा जागेवर बसला.

"बघितलंस?" ती म्हणाली. "हात लावायचा नसतो. थोडं सोडायचं आणि परत घ्यायचं."

"बाबांनी शिकवलं?" बाबांनी विचारलं.

"बोटं गेल्यानंतर शिकले ते. मग मला शिकवलं."

पूजा नंतर झाली. आत्याने लिव्हरला हळदकुंकू लावलं, मग चाकांना, मग इंजिनाला. नारळही तिनेच फोडला, आणि बाबांनी ताट धरलं. कसं धरायचं ते त्यांना कळत नव्हतं. उदबत्ती सारखी हारात जात होती.

मग मी रंगाचा डबा उघडला. दरवाजासाठी मी कागदावर मजकूर करून आणला होता, फक्त आत्याचं नाव, दरवाजाभर. तिने तो बघितला आणि घडी करून माझ्याच खिशात घातला. "खोटं लिहू नकोस. माझ्या बाजूनेही नको. वर ‘मालक’ आणि बाबांचं नाव. खाली ‘चालक’ आणि माझं. दोन्ही एकाच मापाचं."

"आणि मी?" बाबा म्हणाले. चेष्टेत म्हणाले, पण उत्तराची वाट बघत होते.

"तू बांधलीस ना? मग मागे, फळीवर, जिथे बॉडी बांधणाऱ्याचं नाव असतं तिथे. तुझ्या या चिनी दोस्ताचंही घाल."

अंकलचं नाव देवनागरीत कसं लिहायचं यावर अर्धा तास गेला. त्यांना ते दिसायला आवडलं. फोटो काढून बायकोला पाठवला.

माझी पत्रकं मी फाडली नाहीत. आत्याने पेनने सुधारलेली प्रत माझ्याकडे होती. तिने ‘पुरुषसत्तेचा बळी ठरलेल्या’ खोडून नुसतं ‘एका चालकाची कहाणी’ ठेवलं होतं, ‘मूकपणे’ला काट मारली होती, आणि विहिरीवरची गोष्ट स्वतःच्या अक्षरात समासात लिहिली होती, दुसऱ्या गिअरसकट. तेवढं बाबांना वाचायला दिलं. त्यांनी लॉरीच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं. मग उठून म्हणाले, "छाप. पण बोटीचं नाव चुकलंय तिचं, ते दुरुस्त कर."

दरवाजा वाळल्यावर त्यांनीच फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. फुलं आली, हात जोडलेले आले. मग बाबांच्या चुलत भावाचा, पुण्याच्या काकांचा, मेसेज आला: ‘छान! पण हे काय, चालक म्हणून ताई? सन्स कुठे गेले?’ आणि पुढे चार हसरे चेहरे.

मी फोन मागितला. मला उत्तर तयार होतं, तीन परिच्छेदांचं. बाबांनी दिला नाही. ते गाडीला टेकून एका बोटाने टाइप करत राहिले. लिहायचे, पुसायचे, चष्मा वर करायचे. इतका वेळ गेला की आत्या म्हणाली, "अरे, नाटक लिहितोयस का?"

शेवटी त्यांनी पाठवलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने लांब धरून वाचलं.

‘सन बोटीवर होता.’

"बरोबर," आत्या म्हणाली. "आता पुढे काही लिहू नकोस, नाहीतर बिघडवशील."